जपानी दुपदरी पटाशी: पावसाळाभर वापरल्यानंतर

पाऊस सुरू व्हायच्या आधी दोन जपानी पटाश्या घेतल्या, एक 24 मिलिमीटरची, दुसरी 9 ची. सागवान, शिसव, थोडी बाभूळ असं मिळेल ते काम दोघींनी केलं. पातं दुपदरी आहे: धारेच्या बाजूला शिरोगामी नावाच्या जपानी कार्बन पोलादाची पातळ पट्टी आणि तिच्या पाठीला मऊ लोखंडाचा जाड थर, भट्टीत तापवून ठोकून एकजीव केलेला.

थरांचं कौतुक सगळेच करतात. माझ्या मते खरी करामत पाणी देण्यात आहे. पातं साधारण 800 अंशांपर्यंत लाल करून पाण्यात बुडवलं की एक टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असलेलं पोलाद काचेसारखं कडक होतं. लोखंडात कार्बन नगण्य, म्हणून ते त्याच पाण्यातून मऊच बाहेर येतं. मग दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून पोलादाचा ठिसूळपणा उतरवतात. म्हणून धार टिकते आणि हातोडीचा मार पाठीचं लोखंड सोसतं. भट्टीत माल फार वेळ राहिला, तर पोलादातला कार्बन लोखंडात झिरपतो आणि धार कमजोर पडते, तेव्हा लोहाराचा हात महत्त्वाचा.

बाभळीत खाच पाडताना 24 च्या धारेचे बारीक कपचे उडाले. धारेचा कोन 30 वरून 34 अंशांवर नेल्यावर ते थांबले. सागवानात मात्र 30 वरच मजा येते, आडव्या रेषांवरसुद्धा काप गुळगुळीत निघतो.

9 ची एका दुकानात धार लावायला दिली होती. कोरड्या चाकावर घासून परत आली, टोक निळं पडलेलं. निळा रंग म्हणजे पोलाद जवळपास 300 अंशांपर्यंत तापलं, म्हणजे पाणी उतरलं, कडकपणा गेला. थर तेच, सांधा तसाच शाबूत, तरी सागवानातही धार वळायला लागली. निळा भाग पूर्ण घासून काढल्यावर खालचं पोलाद पुन्हा पहिल्यासारखं चाललं. तेव्हापासून धार फक्त पाण्याच्या दगडावर, घरीच. पाठीचं लोखंड मऊ असल्याने वेळही कमी लागतो.

गंज हा मोठा त्रास. पावसाळ्यात काम संपलं की पुसून तेलाचा हात फिरवावाच लागतो, नाहीतर सकाळी डाग दिसतात. रोज लाकूडकाम करणाऱ्याने जरूर घ्यावी. वर्षातून दोनदा दाराची चौकट तासायची असेल, तर साधी पटाशी पुरते.