हवेवर चालणारा क्लच बूस्टर: काही महिने गाडी चालवल्यानंतर

अवजड गाडीचा क्लच नीट सुटेनासा झाला की पहिला सल्ला मिळतो तो गिअरबॉक्स उतरवण्याचा. माझ्या ट्रकच्या बाबतीतही तेच झालं. पेडल पार तळाला टेकवलं तरी रिव्हर्स टाकताना दात करकरायचे, आणि इंजिन बंद केलं की तोच गिअर अलगद पडायचा. क्लच प्लेट पूर्ण सुटत नाही, हे उघड होतं. पण दोष आत आहे की बाहेर, हे काहीही न उतरवता कळतं.

चाकांना ठोकळे लावले, टाकीत हवा पूर्ण भरली आणि इंजिन बंद केलं. एकाने पेडल दाबलं, मी खाली शिरून बूस्टरचा, म्हणजे पेडलकडून येणाऱ्या ऑइलच्या दाबाला हवेच्या दाबाची जोड देऊन क्लच सोडवणाऱ्या भागाचा, दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजलं. पुस्तिकेतल्या मापापेक्षा बराच कमी भरला. तो पूर्ण सरकूनही गिअर घासला असता, तर वाकलेली प्लेट, झिजलेला फोर्क, गंजलेल्या स्प्लाइन किंवा जाम झालेलं पायलट बेअरिंग यांपैकी काहीतरी असतं आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागला असता.

पेडल दाबून धरलं की हळूहळू बसतही होतं. अशा वेळी पेडलपाशी ऑइलचा दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरवर संशय जातो. पण त्याचं सील आतल्या आत गळलं तर ऑइल फिरून त्याच्या वरच्या ऑइलच्या डबीतच येतं. इथे डबीतली पातळी उतरत होती. मग बूस्टरच्या हवा सुटायच्या भोकाशी बोट फिरवलं, तर बोटाला ब्रेक ऑइल लागलं. तिथून फक्त हवा बाहेर पडायला हवी. ऑइल आलं म्हणजे आतलं हायड्रॉलिक सील गेलं.

नुसतं सील किट टाकून भागलं असतं, पण खोलल्यावर सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे खड्डे दिसले. त्यावर नवं सील किती टिकणार? म्हणून बूस्टरच नवा बसवला.

तेव्हापासून गाडी रोज भरून चालते आहे. पेडल हलकं आहे, गर्दीतही पाय भरून येत नाही, आणि रिव्हर्सची करकर एकदाही ऐकू आलेली नाही. सकाळी टाकीत हवा नसताना पेडल जड लागतं, पण तो दोष नव्हे. दाब भरेपर्यंत थांबायचं. झीज दाखवणारी बाहेरची छोटी दांडी मला फार आवडली, प्लेट किती उरली याचा अंदाज गाडीखाली वाकून येतो.

तक्रारी दोन. ब्लीडिंग निपल इतकं अडचणीत आहे की लाइनमधली हवा काढताना पाना जेमतेम पाव फेरा फिरतो. सगळी हवा निघाल्याशिवाय पेडल स्पंजासारखंच लागतं, त्यामुळे घाई करून चालत नाही. दुसरी, दांड्यावरचं रबरी बूट सैल आहे आणि चिखल आत जातो. मी त्यावर क्लिप लावली आहे.

घेणाऱ्यांनी हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडावं आणि हवेतला ओलावा शोषणाऱ्या एअर ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदलावं, कारण हवेच्या बाजूला गंज चढतो तो याच पाण्याने. ऑइल पुस्तिकेत सांगितलेलंच भरावं. माझ्या गाडीला डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल लागतं. ते ओलावा ओढतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. खनिज तेल मात्र चुकूनही ओतू नये, त्याने सील फुगून निकामी होतात.