इंग्रजी कुराण, अडतीवर बसून वाचलेलं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

कुराणातली सगळ्यांत लांब आयत, म्हणजे श्लोक, उधारी लिहून ठेवण्याबद्दल आहे. दुसऱ्या अध्यायातली २८२ वी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी हे पुस्तक कितीतरी वर्षं आधी हातात घेतलं असतं. कारण सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानावर, मी हिशेबच लिहिते. शेतकऱ्याची पट्टी करायची, खरेदीदाराकडून येणं आलं का बघायचं, हंगामाआधी दिलेली उचल वहीला लावायची. घरी हरिपाठ, देव्हारा, सगळं आहे. कुराणाकडे वळले ती निव्वळ उत्सुकतेपोटी.

ती आयत काय म्हणते? मुदतीची उधारी असेल तर लिहून ठेवा. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. मजकूर देणेकऱ्याने सांगायचा, लिहिणाऱ्याने चोख लिहायचा. रोख व्यवहार हातोहात झाला तर लिहिलं नाही तरी चालेल, पण विक्रीला साक्षीदार ठेवा. आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला कुणी त्रास देऊ नये! दिवाणजीची एवढी काळजी आजवर कुठल्या धर्मग्रंथाने घेतलेली मी पाहिली नव्हती. मात्र याच आयतीत साक्षीदार म्हणून दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन बायका असं आहे. एक चुकली तर दुसरीने आठवण द्यावी म्हणून. दुकानाची सगळी वही माझ्या अक्षरात आहे आणि शेठ माझ्या एकटीच्या शब्दावर लाखांचे चेक फाडतात. मला ते पटलं नाही, पटणारही नाही.

जरा वर २८० वी आयत आहे. देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, आणि सोडूनच दिलंत तर अधिक चांगलं. व्याज तर साफ मना. सवड यार्डातही मिळते. हंगाम पडला की उचल पुढच्या सालावर जाते, पण व्याज बरोबर घेऊन जाते.

मक्का हे व्यापाऱ्यांचं गाव होतं, हे वाचताना सतत जाणवतं. १०६ वा अध्याय चारच आयतींचा, आणि त्यात कुरैशांच्या, म्हणजे मक्केतल्या टोळीच्या, हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या व्यापारी फेऱ्या आहेत. शेवटच्या दिवशी कर्मांचं पारडं जड की हलकं ते बघितलं जाणार, कणभर केलेलंही समोर येणार, ज्याची त्याची वही ज्याच्या त्याच्या हातात दिली जाणार. देवाला ‘चांगलं कर्ज’ देण्याची भाषा आहे. ८३ वा अध्याय तर मापात मारणाऱ्यांवरच सुरू होतो: दुसऱ्याकडून घेताना भरून घेतात, देताना कमी देतात, त्यांचा धिक्कार. आमचे तोलार चाचा मिरजेचे आहेत. त्यांना मी हे मराठीत करून सांगितलं, तर म्हणाले, “ताई, हे आधी शेठना वाचून दाखवा.” शेठ आतच बसले होते.

मराठीतही कुराणाचे अनुवाद आहेत. पण भाच्याने आणून दिलं ते ऑक्सफर्डचं इंग्रजी, एम. ए. एस. अब्देल हलीम यांचं, २००४ सालचं. हे गृहस्थ मूळचे इजिप्तचे, लहानपणीच कुराण पाठ केलेले. इंग्रजी साधं, आजचं. प्रत्येक अध्यायाच्या आधी चार ओळींत पार्श्वभूमी. मजकूर परिच्छेदात सलग आणि आयतींचे आकडे मधेमधे बारीक. वाचायला सोपं जातं, नेमकी आयत शोधायला चष्मा लागतो. तुलनेला मोबाइलवर दोन जुनी भाषांतरं ठेवली होती. पिकथॉल यांचं १९३० चं जुन्या वळणाचं आहे, टिपा जवळपास नाहीत. अब्दुल्ला युसूफ अली १८७२ साली मुंबईत जन्मले, आयसीएस अधिकारी होते. त्यांच्या भाषांतराला सहा हजारांवर टिपा आहेत. अडलं की मी तिथे जायचे, आणि बऱ्याचदा आयत बाजूला राहून टिपाच वाचत बसायचे. पिकथॉलही मुंबईत वर्तमानपत्राचे संपादक होते, पुढे हैदराबादेत निजामाच्या पदरी. दोघंही आता लंडनजवळच्या ब्रुकवुडच्या दफनभूमीत आहेत. आपल्या मुलखाशी असं नातं असेल, याची मला कल्पना नव्हती.

पुस्तक छापलेल्या क्रमाने वाचू नका, हे मात्र ठासून सांगते. एकूण ११४ अध्याय, साधारण लांबीच्या उतरत्या क्रमाने लावलेले. दुसराच २८६ आयतींचा, त्यात कायदा, उपवास, तलाक, लढाई, सगळं एकत्र. मूसा पैगंबराची (म्हणजे मोझेसची) गोष्ट ठिकठिकाणी तुकड्यातुकड्यांनी येते, कारण ऐकणाऱ्याला ती ठाऊक आहे असंच धरलेलं असतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग गोष्ट हवी असेल तर १२ वा अध्याय, यूसुफचा. ५५ व्या अध्यायात ७८ आयतींत एकच प्रश्न ३१ वेळा येतो. कागदावर डोळे तो गाळून पुढे पळतात. मोबाइलवर अरबी पठण लावलं तेव्हा तो अभंगाच्या ध्रुपदासारखा परत परत येऊन बसला आणि इंग्रजीत काय हरवतं ते कळलं.

खटकलेलंही बरंच आहे. नरकाची वर्णनं फार आणि तीच ती. चौथ्या अध्यायातली ३४ वी आयत नवऱ्याला बायकोवर हात उचलायची मुभा देते, आणि टीपकार तिथे कितीही वकिली करोत, मला ती खुपते. नवव्या अध्यायातली पाचवी आयत, मूर्तिपूजकांना सापडतील तिथे मारा म्हणणारी, आपल्याकडे सगळ्यांना ऐकून माहीत असते. तिच्या आधीची चौथी करार पाळणाऱ्यांना वगळते, नंतरची सहावी आसरा मागणाऱ्याला सुखरूप पोचवायला सांगते. त्या दोन कुणी ऐकवत नाही. तरीही तो अध्याय कठोरच आहे. वारसाहक्कात मुलीला मुलाच्या निम्मं, यावर मी तावातावाने बोलायला गेले, तर चाचांची सून म्हणाली, “ताई, तुमच्यात बहिणींना किती मिळतं?” आपल्याकडे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने बरोबरीचा वाटा आहे, कागदावर. हक्कसोडपत्रावर मी स्वतः सही केलेली आहे.

नव्याने घेणाऱ्यांनी शेवटचे छोटे अध्याय, मग १२, १९ आणि ५५, आणि सगळ्यांत शेवटी दुसरा, असं जावं. एकच प्रत घ्यायची तर अब्देल हलीम. टिपांची आवड असेल तर युसूफ अली, पण त्याला सवड हवी, आणि ती हळदीच्या हंगामात मिळत नाही.