हैदराबाद की पाँडिचेरी: तीन सेमिस्टर आणि एका मायग्रेशन सर्टिफिकेटनंतर

परवा रात्री सोलापूरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी पकडली, मांडीवर प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये एकच कागद, आणि त्या एका कागदासाठी ही माझी तिसरी फेरी होती. गाडीत झोप लागली नाही म्हणून हे लिहायला घेतलं. ज्युनिअर पोरं सारखं विचारतात, सीयूईटी पीजीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या एमए-एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर बरा आहे, दोन्हीकडे लागेल असं वाटतंय, मग हैदराबाद घेऊ का पाँडिचेरी? सिलॅबस, फॅकल्टी हे तुम्ही साइटवर बघितलेलंच असणार. दोन्हीकडे उन्नीस-बीस आहे, त्यात मी पडत नाही.

मी एमएस्सीला एचसीयूत, म्हणजे हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात, तिसरं सेमिस्टर संपत आलंय. निवडताना माझी कारणं एकदम पुस्तकी होती. एचसीयू 1974 ची, तिच्यासाठी घटनेत वेगळं कलम आहे, 371-ई, त्यामुळे ‘आपली युनिव्हर्सिटी घटनेत आहे बे’ असं मित्रांना सांगता येतं. पाँडिचेरीची 1985 ची, पण तिचा कॅम्पस कालापेटला, ईस्ट कोस्ट रोडला लागून, पलीकडे थेट समुद्र. ज्याच्या नळाला चार दिवसाआड पाणी येतं त्या सोलापूरच्या माणसाला समुद्र दाखवल्यावर त्याचं काय होणार! मी जवळजवळ पाँडिचेरीच टाकली होती. अप्पा एवढंच म्हणाले, हैदराबादला रात्री बसलं की सकाळी पोचतो. मला रागच आला, म्हणलं शिक्षणाचा निर्णय काय एसटीच्या टाइमटेबलवर घ्यायचा का. शेवटी घरी वाद नको म्हणून हैदराबाद घेतलं.

पहिले सहा महिने वाटायचं फसलो. माझा बीएस्सीचा मित्र, मिरजेचा, तो पाँडिचेरीला गेला आणि रोज संध्याकाळी समुद्राचे फोटो टाकायचा. इकडे माझ्या कॅम्पसवर दगड. म्हणजे दगडही भारी आहेत, एकावर एक ठेवल्यासारखे, मश्रूम रॉक वगैरे, तळी आहेत, मोर आहेत, पण समुद्र तो समुद्र. मार्च 2025 च्या शेवटी शेजारच्या कांचा गच्चीबावलीच्या 400 एकरांत झाडं तोडायला जेसीबी शिरले, रात्री मोरांचे आवाज यायचे, एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं काम थांबवलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं की ही जागा आपली आहे. पण माझं मत बदललं ते त्यामुळे नाही, ते मायग्रेशन सर्टिफिकेटमुळे बदललं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एका युनिव्हर्सिटीतून दुसरीत गेलं की जुनीकडून हे सर्टिफिकेट आणावं लागतं, ओरिजिनल. ॲडमिशनच्या वेळी नसेल तर हमीपत्र लिहून देता की नंतर आणून देतो, आणि मग विसरता. मीही विसरलो. माझं पदवीचं विद्यापीठ महाराष्ट्रातलं, नाव घेत नाही, सोलापूरहून आणखी एक एसटी लागते एवढं सांगतो. ऑनलाइन अर्ज केला, फी भरली, स्टेटस ‘अंडर प्रोसेस’. दोन महिने अंडर प्रोसेस. फोन लावला तर नुसता वाजतो.

पहिली फेरी. खिडकीवर कळलं की टीसी अपलोड झालेलाच दिसत नाही, माझ्या मोबाइलवर दिसत होता, त्यांच्या कॉम्प्युटरवर नाही. झेरॉक्स दिली, मार्कशीट दिली, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी नंबर) तीन वेळा लिहून दिला. दुसरी फेरी. सर्टिफिकेट हातात, एकदम खूश, बाहेर येऊन चहा घेतला आणि चहा पिता पिता वाचलं तर इंग्रजीत वडिलांच्या नावातला एक एल गायब. मल्लिनाथचं मलिनाथ! परत आत. मॅडमनी जाडजूड रजिस्टर काढलं, ओळीखाली पट्टी ठेवली, पट्टी सरकवत सरकवत माझ्या नावावर आणली आणि म्हणाल्या, ‘इथं पण एकच एल आहे बघ.’ म्हणजे ती चूक फर्स्ट इयरपासून तिथं निवांत बसलेली, कुणालाच कळलं नाही. मग हे सरेंडर करा, दुरुस्तीचा अर्ज द्या, दहावीचं सर्टिफिकेट जोडा, पंधरा दिवसांनी या. पोस्टानं पाठवता का विचारलं तर मॅडम नुसत्या हसल्या. म्हणून ही तिसरी फेरी.

आता हिशोब करा, मी केलाय. हैदराबाद-सोलापूर तीनशे किलोमीटर, सरळ हायवे, झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग, सकाळी घरी. जाऊन-येऊन साधारण बाराशे, वर पुढची एसटी. घरी अंघोळ, जेवण, मुक्काम फुकट, येताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी, त्यात पंधरा दिवसांचा संध्याकाळचा नाष्टा सुटतो. शुक्रवारी रात्री निघालो की मंगळवारी लेक्चरला हजर. हेच पाँडिचेरीहून करायचं तर आधी चेन्नई गाठा, तिथून सोलापूरवरून जाणारी मुंबईची गाडी, तिकीट कन्फर्म असलं तर. एका एलसाठी आठवडा गेला असता. तीन फेऱ्या म्हणजे तीन आठवडे, अटेंडन्सचं काय ते तुम्हीच बघा. अप्पांना अजून सांगितलेलं नाही की ते बरोबर होते.

मिरज-सांगलीवाल्यांनी मात्र माझं डोळे झाकून ऐकू नका, तुमच्याकडून दादर-पुदुच्चेरी गाडी थेट जाते, आठवड्यातून तीनच दिवस असली तरी बदलायची भानगड नाही. नागपूरवाल्यांचा हिशोब आणखी वेगळा.

फीबद्दल एक गैरसमज फार दिसतो. या दोन्ही केंद्रीय आहेत, महाराष्ट्रातला म्हणून जास्त फी वगैरे प्रकार नाही. पाँडिचेरीत काही कोर्सेसना तिथल्या रहिवाशांसाठी जागा राखीव असतात, तेवढं तुमच्या विषयाचं बघा. आणि स्कोअर आला म्हणजे ॲडमिशन झाली असं नाही, प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या साइटवर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, वेगळे पैसे जातात. राखीव वर्गातून असाल तर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. माझा रूममेट आपल्या राज्यात भटक्या जमातीत, इथं ओबीसीत, सेतूवाल्यानं सवयीनं राज्याचा दाखला काढून दिला आणि ऐन काउन्सेलिंगमध्ये त्याची जी धावपळ झाली ती विचारू नका.

भाषेचं टेन्शन मला आलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली शेजाऱ्यांत वाढलो, ‘एंत’ (किती) आणि ‘लेदु’ (नाही) एवढ्या तेलुगूवर भाजी घेता येते. ऑटोवाल्यांशी दखनी, तिथं ‘नक्को’ ऐकलं की निम्मं आपलंच वाटतं. तमिळ मला शून्य येते, मित्र म्हणतो कॅम्पसवर इंग्रजीत भागतं.

त्याच मित्राचा काल रात्री मेसेज आला. समुद्राचा फोटो नव्हता. त्याचंही मायग्रेशन अडकलंय, विद्यापीठ तेच, खिडकी तीच. ‘तू जवळ आहेस ना, माझंपण घे.’ अथॉरिटी लेटर आणि आधारची झेरॉक्स पाठवतोय म्हणे. जानेवारीत गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या) यात्रेला घरी जाणारच आहे, तेव्हा चौथी फेरी. बसभाडं त्याच्याकडून आधीच ऑनलाइन घेतलंय, आणि त्याच्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही एका कागदावर लिहून घेतलंय.