भूमिगत निचरा आणि चेंबरमधला कोपर: आठ महिन्यांचा अनुभव

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या दोन एकरांच्या खोलगट वावरात गेल्या मे महिन्यात भूमिगत निचरा बसवला. फिल्टर गुंडाळलेले, छिद्रांचे 80 मिलिमीटरचे पाईप 1 मीटर खोलीवर, 20 मीटर अंतराने, प्रत्येकी 100 मीटरच्या चार ओळींत टाकले आणि त्यांचे पाणी एका चेंबरमधून नाल्यात काढले. चेंबरमध्ये कोपर, म्हणजे पाईपचा काटकोनी जोड (एल्बो), असून त्यावर उभ्या पाईपचे तुकडे चढवता येतात. तुकडा जितका उंच, तितके पाणी जमिनीत वरपर्यंत थांबते. हा कोपर नसता तर ही व्यवस्था घ्या, असे मी कोणाला सांगितले नसते.

जुलैत तोंड पूर्ण उघडे ठेवले होते. कपाशीला युरिया देऊन दोन-अडीच आठवडे होतात न होतात तोच झड लागली. युरियापासून आधी अमोनियम बनते आणि ते चिकणमातीला धरून राहते. पण जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केले की माती त्याला धरत नाही, ते पाण्याबरोबर निघून जाते. चेंबरच्या पाण्यात नायट्रेट तपासणीची पट्टी बुडवली तर ती गडद गुलाबी झाली, म्हणजे पाण्यात नायट्रेट भरपूर होते. 45 किलोच्या गोणीत नत्र असते 20.7 किलो, आणि त्यातले काही माझ्या डोळ्यांदेखत नाल्याला लागले होते, याचे फार वाईट वाटले.

निचरा नसलेल्या शेजारच्या तुकड्यात नत्र वाचले, असेही नाही. चिबडलेल्या मातीत हवा उरत नाही, तेव्हा जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जाते. तिथले सोयाबीन पिवळे पडले होते. दोन्हीकडची झाडे खुरपीने मुळासकट काढून मुळांवरच्या, हवेतले नत्र धरणाऱ्या गाठी नखाने फोडल्या: निचऱ्याकडच्या आतून गुलाबी, म्हणजे काम करणाऱ्या, चिबडातल्या राखाडी, मऊ आणि मोजक्याच.

ऑगस्टपासून मी पद्धत बदलली. डवरणीसाठी वाफसा हवा असेल किंवा वावरात पाणी तुंबले असेल तेवढ्यापुरतेच तोंड खाली करतो, एरवी पातळी जमिनीखाली 50 सेंटीमीटरवर ठेवतो, आणि युरिया उघडीप पाहून थोडा थोडा देतो. सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरताच तोंड वर केले. सोयाबीन काढल्यावर हरभरा अंगच्या ओलीवर उगवला आणि त्याला पहिले पाणी निचरा नसलेल्या तुकड्यापेक्षा सुमारे आठवडाभर उशिरा द्यावे लागले.

उणिवाही आहेत. काळी माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी पाईपपर्यंत फार सावकाश पोहोचते, त्यामुळे मुसळधार पावसात वरचे पाणी काढायला सऱ्या आणि धुऱ्याकडेचा चर लागतोच. जिथे पाईपवर वाळू भरली तिथे फरक स्पष्ट जाणवला. ती चारही ओळींवर भरून घ्यायला हवी होती. चौथ्या ओळीचा उतार ठेकेदाराच्या माणसांनी नीट धरला नाही, तिथे मध्येच गाळ बसतो आणि वरची कपाशी अजूनही खुजी आहे. हरभरा निघाला की ती ओळ उकरून, लेव्हल लावून, मी स्वतः समोर उभा राहून पुन्हा टाकून घेणार आहे.