“फरशी आधी उरकून घेऊ” म्हणणारा गुत्तेदार

गुत्तेदार जुनं घर बघायला येतो, हॉलमध्ये उभा राहतो आणि म्हणतो, “फरशी आधी उरकून घेऊ, घर लगेच नवं दिसतंय बघा.” फसवणूक इथूनच सुरू होते.

फरशी, पीओपी, रंग ही डोळ्यांत भरणारी कामं. ती झाली की मालक खुशीत पुढची उचल देतो. गुत्त्याच्या ठरलेल्या रकमेतला मोठा वाटा असा हातातून गेला, की मग गळका स्लॅब, सडलेला लोखंडी जीआय पाइप आणि कुजलेली वायर ‘सापडते’. नवी फरशी फुटते, आणि हे काम गुत्त्यात धरलं नव्हतं म्हणून ‘एक्स्ट्रा’ लागतं. छताचे तपकिरी डाग पहिल्या दिवशी त्यालाही दिसलेले असतात.

काम वरून खाली आणि आतून बाहेर यायला पाहिजे. आधी छताची गळती, मग तोडफोड आणि भेगा, त्यानंतर भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारून नळ-वायरिंग, मग गिलावा, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, फरशी. पुट्टी-रंग सगळ्यात शेवटी, गिलावा पुरता वाळल्यावर, म्हणजे साधारण 28 दिवसांनी. ओल्या गिलाव्यावर पुट्टी ओढली की पापुद्रे सुटतात आणि दोष रंगाच्या कंपनीवर जातो.

झिऱ्या बुजवायच्या आधी दोन गोष्टी स्वतः बघा. वायरच्या अंगावर जाडी छापलेली असते: दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, गिझर-एसीला 4 चौरस मिमी. बिल 2.5 चं आणि भिंतीत 1.5 ची वायर, हा नेहमीचा खेळ. पाइपात दाब भरून सांधे तपासा, आणि भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा; पुढं खिळा ठोकताना तोच नकाशा.

बाथरूममध्ये पाणी जायच्या ट्रॅपचं तोंड बुजवून 48 तास पाणी साठवायचं. “रात्री भरलं होतं की” यावर विश्वास नको. पहिले काही तास पृष्ठभाग पाणी पितो, म्हणून त्यानंतर पातळीला पेन्सिलची खूण करा आणि शेजारी पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवा. घमेल्यापेक्षा बाथरूमचं पाणी जास्त उतरलं, तर ते उन्हानं नाही, खालून गेलं.

वाळूचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉली 10 फूट लांब, 5 फूट रुंद असेल तर वाळू 2 फूट उंच, सपाट भरलेली पाहिजे. मधे ढीग आणि कडेला खड्डा दिसला तर टेप काढा.

आपल्याकडं लग्नसराई उरकून मेमध्ये काम काढायची खोड आहे. तेव्हा बोअर आटलेला. गिलाव्याला 7 दिवस पाणी मारायचं कुठून? नखानं खरवडला तरी भुगा पडतो. दिवाळीनंतर काम काढा. काळ्या मातीवरच्या घराच्या भेगाही उन्हाळ्यात पुट्टीनं बुजवू नका: माती पावसात फुगते, उन्हात आकसते, भेग परत उघडते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर पाया हलतोय, आधी इंजिनिअरला दाखवा.

पैसे दिवसांवर नको, तपासणीवर द्या: छत, नळ, बाथरूम, एकेक टप्पा पास झाला की हप्ता. शेवटचे 10 टक्के एक पावसाळा निघेपर्यंत हातात. हे बॉण्डवर लिहून घ्या.

माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छत असलेल्या वाड्यात फसवणूक वेगळी. “लाकूड किडलंय, मलब्यासोबत फुकट उचलून नेतो,” असं म्हणत सागवानी तुळया जातात. तुळई सडते ती सहसा भिंतीत घुसलेल्या टोकाला; मधला भाग ठोकला तर टणक वाजतो. 6 बाय 8 इंचाची 12 फुटी तुळई म्हणजे 4 घनफूट सागवान. त्याच दगड-मातीच्या भिंतींवर स्लॅब ओतायचा सल्ला देणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावरचं जड छत यांनी 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीत काय केलं ते वेगळं सांगायला नको. तुळया उतरवायच्या दिवशी घरचं माणूस तिथं उभं पाहिजे, आणि मोजमाप ट्रॅक्टर यायच्या आधी वहीत.