ड्रेनेज साफ करायचं इलेक्ट्रिक मशीन: लातूरच्या हॉस्टेलमधला वापरानंतरचा अनुभव

"काही अवघड नाही ताई, बटण दाबायचं अन् स्प्रिंग आत सोडायची." मशीन देताना दुकानदाराने केलेलं मार्गदर्शन एवढंच. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही ते घेतलं आणि आता मी ते स्वतः चालवते. बटण दाबणं खरंच सोपं आहे. लिहायचंय ते बाकीच्या गोष्टींबद्दल, कारण खोक्यातल्या इंग्रजी पत्रकात त्या मुंगीएवढ्या अक्षरांत आहेत आणि दुकानात कुणी त्यांचं नावही काढत नाही.

आमचं लातुरात मुलींचं हॉस्टेल आहे, तळमजल्यावर मेस. नीट परीक्षेच्या तयारीला आलेल्या मुली, प्रत्येक मजल्यावर सामाईक बाथरूम. त्यामुळे चोकअप कशाने होतात ते वेगळं सांगायला नको: केस, साबणाचा लगदा, शाम्पूच्या रिकाम्या पुड्या. मेसच्या लाइनीत फोडणीचं तेल आणि भांडी घासायचा काथ्या. त्यात लातूरचं पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे गाव, इथे बादली जपून वापरायची सवय सगळ्यांनाच आहे. पण 4 इंची ड्रेनेज लाइन पाण्याच्या जोरावर चालते. वरून पाणी कमी पडलं की घाण वाहून न जाता पाईपच्या तळाशी बसते, तिच्यावर पुढची बसते. आमच्याकडे पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये चोकअप जास्त होतात ते यामुळेच.

प्लंबर बोलावता येतो, पण रात्री नऊला दुसऱ्या मजल्यावरची नहाणी (बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं तोंड) तुंबली तर मुलींच्या बाथरूममध्ये पुरुष माणूस कसा न्यायचा? म्हणून मशीन घ्यायचं आणि चालवायला मीच शिकायचं असं ठरलं. शिकवलं आमच्या नेहमीच्या प्लंबरमामांनी.

मशीन तुकड्यांच्या स्प्रिंगचं आहे. 16 मिलिमीटर जाडीची स्प्रिंग, एकेक तुकडा सव्वादोन मीटरच्या आसपास, लागेल तसा एकाला एक जोडत जायचा. दुसरा प्रकार ड्रमचा, त्यात सगळी स्प्रिंग एका गोल डब्यात गुंडाळलेली असते. तो हाताळायला स्वच्छ, पण भरलेला ड्रम जिन्यावरून चढवणं माझ्या आवाक्यातलं नाही. शिवाय पायाचं बटण सोडल्यावरही भरलेला ड्रम स्वतःच्या वजनाने क्षणभर फिरत राहतो. आमच्या मशीनमध्ये स्प्रिंग आरपार जाते. वरचं हँडल खाली ओढलं की आतले जबडे तिला धरून फिरवतात, हँडल सोडलं की पकड सुटते. मोटर चालू असली तरी स्प्रिंग थांबते. सुरक्षिततेच्या बाबतीत या मशीनमधली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच. आणि म्हणूनच हँडलला दोरी बांधून ठेवणारे लोक पाहिले की पोटात गोळा येतो. ड्रमवाल्यांमध्येही पायाच्या बटणावर वीट ठेवणारे महाभाग आहेत.

काम करायची पद्धत अशी. हँडल सुटं असताना वीतभर स्प्रिंग मशीनच्या तोंडातून बाहेर ओढायची, हातात हलकीशी कमान धरायची, मग हँडल ओढायचं. फिरत फिरत ती वीतभर पाईपात उतरते. हँडल सोडायचं, पुन्हा वीतभर. घाईने हातभर बाहेर काढली की ती नाचते. ढकलायचं तर नाहीच, स्प्रिंग स्वतःच वाट काढते.

खरा धोका कुठे आहे, तर मशीन आणि नहाणी यांच्यामध्ये जी स्प्रिंग उघडी असते तिथे. समजा कटर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला लावलेलं पातं, पुढे केसांच्या गुंत्यात रुतलं. तिकडे टोक थांबलंय, इकडे मोटर फिरवतेच आहे. मग ते सगळे फेरे स्प्रिंगच्या अंगात साठत जातात. ओली चादर दोघींनी दोन टोकं धरून पिळली की एका क्षणी ती मधेच वळून उसळते, तसंच इथे होतं, फक्त चादरीच्या जागी पोलाद असतं. तो वळसा हातावर बसला तर बोट मोडतं, मनगट पिरगळतं.

हा क्षण येण्याआधी मशीन सांगतं. आधी मोटरचा आवाज जड होतो, सुरातून उतरतो. मग हातमोज्याच्या आत जाणवतं की आत्तापर्यंत लवचीक असलेली स्प्रिंग ताठ झाली आहे आणि तळहाताला एका बाजूला रेटते आहे. कमान उभी राहण्याऐवजी आडवी पडू लागते. एवढं झालं की हँडल सोडायचं, विचार नंतर. मामा म्हणतात, "हात सांगतो बगा ताई, कान सांगतो. डोळ्याला काय दिसत नाय." शिकताना त्यांनी मला मुद्दाम मोकळ्या अंगणात, पाईपाच्या तुकड्यात चिंध्या कोंबून हा ताठपणा हाताला ओळखायला लावला होता. नव्याने मशीन घेणाऱ्याने हे एकदा तरी करावं. खऱ्या चोकअपवर पहिल्यांदा शिकायला जाऊ नये.

हँडल सोडल्यावर कटर अडकलेलंच राहिलं तर उलट फिरवायचं बटण आहे, पण ते अडकलेलं टोक सोडवण्यापुरतंच, एक-दोन झटके. बाहेर काढताना स्प्रिंग सरळ दिशेनेच फिरवत ओढायची. पूर्ण लाइनभर उलटं फिरवत आणली तर वळसे उकलतात, सांधे सुटतात आणि कटर आतच राहतं.

अंतराचा नियमही याच कारणाने आहे. मशीनचं तोंड ड्रेनेजच्या तोंडापासून दोन फुटांच्या आत हवं. आमच्या बाथरूममध्ये नहाणी कोपऱ्यात, दाराशी उंबरा, मशीन आत नीट बसत नाही. पण म्हणून ते पॅसेजमध्ये ठेवून चार-पाच फूट स्प्रिंग उघडी सोडायची नाही. आम्ही फळी टाकून मशीन आत नेतो. जिथे नेणं शक्यच नाही, तिथे उघड्या स्प्रिंगवर गाइड नळी चढवावी लागते. मागच्या बाजूनेही स्प्रिंग फिरत असते, तिथली नळी मशीनसोबत मिळते. ती लावायला वेळ जातो म्हणून काढून ठेवू नका.

हँडल आणि स्प्रिंग एकाच माणसाच्या हातात. एकाने स्प्रिंग धरायची आणि दुसऱ्याने "आता ओढू का?" विचारायचं, हा प्रकार अजिबात नको. मला जे हाताला कळतं ते दुसरीला आवाजाने कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी काम करताना आमच्या रेक्टर मॅडम दाराबाहेर उभ्या असतात, पण त्यांचं काम मेन स्विचजवळ थांबणं एवढंच.

आता विजेचं. ओली फरशी, लोखंडी मशीन, 230 व्होल्ट. मशीनला तीन पिनांचा प्लग आहे, पण त्याचा उपयोग भिंतीतल्या बोर्डाला खरोखर अर्थिंग असेल तरच. मांडवात वापरतात तसली दोन तारांची एक्स्टेन्शन लावली की तिसरी पिन नुसती शोभेला उरते. आम्ही बाथरूमच्या लाइनीवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला. मशीन जोडण्याआधी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघते. तो पडला तरच पुढे. मधेच आपोआप पडला तर काम बंद, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. "डायरेक्ट करून देऊ का?" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवायचं. आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्षही करून चालत नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग ती तार जमिनीत असून नसल्यासारखी. मार्चपासून त्या खड्ड्यात पाणी घालायचं काम आमच्या वॉचमनच्या यादीत लिहिलेलं आहे. पायात रबरी तळाचे बूट, एक्स्टेन्शनचा जोड फरशीवर न ठेवता खुर्चीवर.

आणि लाइट जाते तेव्हा? आधी मशीनचं बटण बंद, मग प्लग काढायचा. स्प्रिंग आत तशीच सोडून गप्पा मारत बसलं आणि लाइट अचानक आली तर मोटर आपण होऊन सुरू होते.

कपड्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. ओढणी नाही, साडी नाही, बांगड्या, अंगठी, गळ्यातलं सगळं काढून ठेवायचं, केसांचा घट्ट अंबाडा. यजमानांची जुनी पँट आणि शर्ट हा माझा गणवेश, मुली हसतात तर हसू देत. मागे मामांचा मदतनीस पोरगा खांद्यावर रुमाल टाकून वाकला आणि रुमालाचं टोक स्प्रिंगवर पडलं. टोक टेकल्याबरोबर तीन-चार वेढे बसले, रुमाल त्याच्या खांद्यावरून सर्रकन गेला. मामांनी त्याच क्षणी हँडल सोडलं म्हणून तिथेच थांबला. गळ्याभोवती बांधलेला असता तर काय झालं असतं, हे त्या पोराला सांगायची गरज पडली नाही.

हातमोजे कापडी नकोत, नुसते रबरीही नकोत. दोन्ही फिरत्या स्प्रिंगला धरतात आणि हात आत ओढतात. हातात फडकं घेऊन धरणं तर त्याहून वाईट. खोक्यात पातळ सुती जोडी आली होती, ती आता झाडांना पाणी घालताना वापरते. गंजगोलाईच्या बाजारातून चामडी हातमोजे आणले, बोटांना बरोबर बसणारे, वेल्डिंगवाल्यांचे कोपरापर्यंतचे ढगळ नव्हेत. आत पातळ रबरी, कारण चामडं घाण शोषतं. डोळ्यांना गॉगल, कारण बाहेर येणारी स्प्रिंग शिंतोडे उडवते आणि ते शिंतोडे काय असतात हे ठाऊक आहे. ड्रेनेजच्या घाणीतून कावीळ, लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, जखमेतून धनुर्वात. मी आणि मामा, दोघांनी इंजेक्शन घेतलंय. मामांना मधेच तंबाखू मळायची सवय आहे, ती मात्र साबणाने हात धुतल्याशिवाय मी होऊ देत नाही. यावरून आमचं दरवेळी वाजतं.

अ‍ॅसिडबद्दल थोडं कडक बोलते. तुंबलं की आधी बाटलीभर अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक ओतायचं आणि ते भागलं नाही की मशीनवाल्याला बोलवायचं, असा सर्रास क्रम आहे. हे उलटं आहे. आत रसायन असताना स्प्रिंग घातली तर तेच रसायन तोंडावर उडतं, वर स्प्रिंगही खाल्ली जाते. मी आधी विचारते, "काय ओतलंय?" ओतलं असेल तर त्या दिवशी मशीन नाही. आणि अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो.

एकदा मागच्या चेंबरमधून काम करताना सांधा सुटला आणि कटर खाली पडलं. सोबतचा मजूर लगेच म्हणाला, "उतरतो की, दोन मिनटाचं काम हाय." नाही म्हटलं. दोरीला लोहचुंबक बांधून बघितलं, निघालं नाही, सोडून दिलं. नवीन कटर काही शेकड्यांत येतं. मे 2023 मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले, ती बातमी आपल्याकडे सगळ्यांनी वाचली आहे. तिथला वायू दिसत नाही. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासही येईनासा होतो. संरक्षणाच्या साधनांशिवाय कुणाला गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये भरपाई 30 लाखांवर नेली. मशीन घेण्याचा एक अर्थच असा की माणूस वर राहतो. टाकी भरली असेल तर हे मशीन कामाचं नाही, तिथे उपसणारी गाडीच बोलवावी लागते.

आता मशीनची उणी बाजू. बोअरच्या जड पाण्याने पाईपात आतून पांढरा थर चढलाय, त्याला हे काही करू शकत नाही. स्प्रिंग मधून भोक पाडून जाते, पाणी उतरतं, आठवड्यात पुन्हा तेच. मेसच्या तेलाचंही तसंच, स्प्रिंगनंतर गरम पाणी सोडलं तरच जरा टिकतं. कमोडमध्ये ही स्प्रिंग घालूच नये, चिनी मातीवर काळे ओरखडे उठतात, प्रसंगी तडा जातो. त्यासाठी वेगळी हाताने फिरवायची स्प्रिंग मिळते. जुन्या पीव्हीसी लाइनीत बेंडपाशी दातेरी कटर हळू न्यावं लागतं, नाहीतर बेंडच फुटतो.

काम झाल्यावर स्प्रिंग धुवायला भरपूर पाणी लागतं. आम्ही मेसच्या आरओचं वाया जाणारं पाणी पिंपात साठवून तेच वापरतो, लाइनीत शेवटी सोडायलाही तेच. मात्र त्यात क्षार जास्त, म्हणून धुतल्यावर स्प्रिंग पुसून, उन्हात वाळवून तेलाचा हात फिरवावा लागतो. वाळताना वेढे बघून घ्यायचे: एखाद्या ठिकाणी वेढ्यांमध्ये फट पडली असेल किंवा तुकडा वाकून पीळ पडला असेल तर तो भंगारात. सरळ करून वापरला तर पुढच्या वेळी तिथेच वळसा घेतो. आमचे दोन तुकडे असे गेले. दुकानदार सुटे तुकडे देतो म्हणाला होता, पण प्रत्यक्षात मागवून यायला बरेच दिवस लागले. घेतानाच दोन जास्तीचे घ्या.

हॉस्टेल, मेस, लॉज, मंगल कार्यालय असेल तर पैसे वसूल होतात. घरच्या एका बाथरूमसाठी एवढा खर्च करू नये. हाताने फिरवायची बारीक स्प्रिंग आणि नहाणीवर बारीक भोकांची स्टीलची जाळी पुरते. आमच्याकडेही दर रविवारी जाळीवरचे केस काढायची पाळी मुलींमध्ये लावून दिल्यापासून मशीन बहुतेक वेळ जिन्याखालीच असतं.