इंग्रजीची श्रेणीबद्ध वाचनपुस्तके: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्रौढ विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाला इंग्रजी शिकवताना व्याकरणाच्या सरावपुस्तकाच्या जोडीला मी गेले काही महिने श्रेणीबद्ध वाचनपुस्तके (ग्रेडेड रीडर्स), म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर लिहिलेली कथापुस्तके, नियमितपणे वापरत आहे. वाचलेले व्याकरण अंगवळणी पडावे यासाठी ही पुस्तके खरोखर उपयोगी आहेत. मात्र विद्यार्थ्याला स्वतःची पातळी जी वाटते, तिच्या एक पायरी खालचे पुस्तक त्याच्या हाती द्यावे लागते.

या पुस्तकांची रचना ठरावीक शब्दसंख्येवर उभी असते. उदाहरणार्थ, ऑक्सफर्ड बुकवर्म्स या मालिकेत पहिल्या पायरीवर सुमारे ४०० मूळ शब्द आहेत आणि सहाव्या पायरीवर ते २,५०० पर्यंत जातात. वाक्यरचनाही त्याच क्रमाने अवघड होत जाते. कोणाच्याही मदतीशिवाय कथा नीट समजायची असेल तर मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असे हू आणि पॉल नेशन या भाषा-अभ्यासकांनी २००० साली मांडले होते. याचा अर्थ पन्नास शब्दांत एखादाच शब्द अडावा. हा निकष लावून पाहिला की आपण ज्याला ‘सोपे’ समजून बाजूला ठेवतो, तेच पुस्तक बहुतेकांना योग्य ठरते. पदवीधर माणसाला पहिल्या पायरीचे पुस्तक देणे थोडे अवघड जाते, हे खरे. पण दर ओळीला शब्दकोश उघडणाऱ्याचे वाचन होत नाही, केवळ शब्दार्थ जमतात.

मराठी वाचकाची खरी अडचण मात्र शब्दांपेक्षा वाक्याच्या बांधणीत असते. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि तोवरचा सारा तपशील आपण मनात धरून ठेवतो. इंग्रजीत क्रियापद लवकर येऊन जाते आणि तपशील त्याच्यामागून येत राहतो. त्यामुळे सुरुवातीला विद्यार्थी वाक्य संपवून पुन्हा मागे जातात आणि मनात त्याचे मराठी करून मगच पुढे सरकतात. सोप्या मजकुराचे सलग वाचन वाढले तसे हे मागे जाणे स्पष्टपणे कमी झाले, आणि माझ्या दृष्टीने या पुस्तकांचे सर्वांत मोठे श्रेय तेच आहे.

काळांच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. ‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे वाक्य मराठीत खटकत नाही, म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही ‘हॅव सेंट’च्या पुढे ‘यस्टरडे’ सहज लावतात. कथांमध्ये ‘यस्टरडे’, ‘लास्ट नाइट’ यांच्यासोबत साधा भूतकाळ पुन्हा पुन्हा भेटत असल्याने ही चूक, नियम वेगळा न घोकताही, बरीच कमी झाली. परंतु कथन बहुतांशी साध्या भूतकाळातच चालत असल्यामुळे ‘हॅव’ची रूपे संवादांपुरतीच दिसतात, आणि ‘तसे झाले असते तर’ या अर्थाची वाक्ये खालच्या पायऱ्यांवर जवळजवळ नसतातच. तेथे सरावपुस्तकाला पर्याय नाही. मी ते पहिल्या पानापासून क्रमाने शिकवत नाही. वाचनात जे अडले, त्याच घटकाकडे जाऊन समोरचे प्रश्न सोडवून घेते.

‘अ’ आणि ‘द’ या इंग्रजी उपपदांचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. पात्र प्रथम येते तेव्हा ‘अ मॅन’ आणि पुढच्या वाक्यात ‘द मॅन’ होते, हे कथेत उत्तम समजते. पण अमूर्त किंवा अगणनीय नामांपाशी विद्यार्थी अजूनही अडखळतात.

प्रकरणाच्या शेवटी दिलेले आकलनाचे प्रश्न मला निरुपयोगी वाटले, कारण बहुतेकांची उत्तरे मजकुरातले वाक्य जसेच्या तसे उतरवून देता येतात. त्याऐवजी पुस्तक मिटून चार वाक्यांत घटना सांगायला लावावी. सोबतचे ध्वनिमुद्रण एकदा वाचून झाल्यावर ऐकले तर उच्चारांसाठी चांगले आहे, मात्र खालच्या पायऱ्यांवर ते इतके संथ असते की प्रत्यक्ष संभाषण ऐकण्याची तयारी त्याने होत नाही. अभिजात कादंबऱ्यांच्या संक्षेपांपेक्षा याच वाचकांसाठी मुळातून लिहिलेल्या कथा अधिक वाचनीय आहेत, कारण संक्षेपात घटना उरतात आणि लेखकाची शैली हरवते. परीक्षा महिनाभरावर आलेल्यांनी ही पुस्तके घेऊ नयेत. त्यांचा परिणाम दिसायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो.